आत्याच्या हाताचं माप

यंदाही ज्वारी पोटरीत आली, निसवली, दाण्यावर आली, आणि मला तिच्याकडे बघायचासुद्धा कंटाळा आला. मानवतच्या भोवती आता ज्वारीचे पट्टे तसे कमीच. सोयाबीन निघालं की हरभरा, नाहीतर ऊस. तरी बांधाला लागून एखादं रान उभं असतंच, आणि त्याच्या बाजूनं स्कुटीवर जाताना तो ओला, गोडसर वास नाकात शिरतो. दुसऱ्या कुणाला त्या वासानं हुरडा आठवत असेल. मला ग्राइंडरच्या ठिणग्या आठवतात, हिरव्या रंगाचा उग्र दर्प आठवतो, आणि पाठ दुखायला लागते.

कारण आमचा हंगाम हाच. आमची कंपनी मळणी यंत्रं बनवते. कंपनी म्हणायचं ते गाव म्हणतं म्हणून. एक लांबलचक पत्र्याचं शेड, पुढे अण्णांनी लावलेला कडुनिंब, मागे गंजक्या लोखंडाचा ढीग, आणि रशीदभाईंसकट मोजकी माणसं. रशीदभाई आमचे वेल्डर, अण्णांच्या वेळेपासूनचे. त्यांचे डोळे आता सारखे पाणावतात आणि माझे गुडघे कुरकुरतात. आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो, असं ते म्हणतात. अण्णा म्हणजे माझे वडील. माझं सासर मानवतलाच, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे लग्न झाल्यावरही कंपनी सुटली नाही. अण्णा गेल्यापासून ती मीच चालवते. म्हणजे ती चालत नाही आणि मी तिला ढकलते.

दमले आहे मी, हे एकदा सरळ सांगून टाकते. लेखात असं सांगू नये म्हणतात, हळूहळू सुचवावं म्हणतात. पण सकाळी शेडचं शटर वर करताना जो आवाज होतो ना, तो हल्ली मला माझ्याच हाडांचा वाटतो. पुण्याला असलेला माझा लेक दर फोनला सांगतो, आई, जागा रस्त्याला लागून आहे, प्लॉट पाड आणि मोकळी हो. त्याचं चुकतं असं मला मुळीच वाटत नाही.

अण्णा गंगाखेडकडचे. परभणीला स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकले आणि मानवतच्या जिनिंगमध्ये दुरुस्तीच्या कामावर लागले. तेव्हाच्या मानवतची हवाच कापसाची होती. केसांत कापूस, चहात कापूस, देवळातल्या नंदीच्या पाठीवर कापूस. जिनिंग बंद असायचं त्या महिन्यांत अण्णा एका पडवीत बसून वखराच्या पासा, कोळपी बनवायचे. मग लोखंडी तिफण केली. ती लोकांना आवडली. मग ट्रॅक्टर वाढले आणि अण्णांच्या डोक्यात मळणी यंत्र शिरलं. बैलांच्या पायाखाली चार-चार दिवस चालणारं खळं एका दुपारी मोकळं करायचं, एवढीच त्यांची हौस होती. ते सांगायला लागले की त्यांचे हात हवेत ड्रम फिरवायचे.

पहिलं यंत्र त्यांनी विकलं नाही. राणीसावरगावला दिलेल्या आपल्या थोरल्या बहिणीच्या घरी, गोदाआत्याच्या खळ्यावर नेऊन उभं केलं. बहिणीचं खळं आधी मोकळं व्हावं, असं त्यांना वाटलं. त्या यंत्राचं तोंड आखूड होतं. तोंड म्हणजे ज्यातून कणसं आत ढकलतात ती पत्र्याची पन्हळ. तिच्या दुसऱ्या टोकाला ड्रम फिरत असतो, लोखंडी दात्यांचा. आत्या हौसेनं कणसं घालायला उभी राहिली, भावाचं यंत्र म्हणून. एका पेंढीबरोबर तिचा उजवा हात आत गेला. पाचही बोटं गेली.

ही हकीकत आमच्या घरात कधी पूर्ण सांगितली गेली नाही. तुकड्यातुकड्यांनी माझ्यापर्यंत आली. अण्णांनी ते यंत्र तिथेच हातोड्यानं फोडलं म्हणे, आणि परभणीच्या दवाखान्यात आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाले, "अक्का, मी हे सगळं बंद करतो." आत्यानं हाताला गुंडाळलेल्या पांढऱ्या गाठोड्याकडे बघितलं. म्हणाली, "बंद करून माजी बोटं परत येनार हायत का, दिगू? तू न्हाई केलंस तर दुसरं कुनी करंल, आन् ते असंच आखूड करंल. तोंड लांब कर."

किती लांब, असं अण्णांनी विचारलं असणार. आत्यानं राहिलेला डावा हात लांब केला असणार. हे मी मनानं रचलेलं आहे. पण त्यानंतर आमच्या प्रत्येक यंत्राचं तोंड आत्याच्या हाताहून वीतभर लांब झालं, हे काही मनचं नाही. आत्या अंगानं उंच होती, घरातल्या सगळ्या पुरुषांपेक्षा तिचा हात लांब. तिची बोटं पोचली नाहीत तर कुणाचीच पोचायची नाहीत, हा हिशेब होता.

आणि त्यातून आमच्या कंपनीची रीत पडली. येळवस झाली की, म्हणजे उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करून आंबील-भज्जी खायची ती अमावस्या झाली की, दोन-चार दिवसांत आत्या राणीसावरगावहून निघायची. गंगाखेडला एसटी बदल, परभणीला बदल, असं करत दुपारी मानवतला उतरायची. काखेत पिशवी, पिशवीत उरलेल्या आंबिलीचं डबडं. शेडमध्ये हंगामाचं पहिलं यंत्र बिनरंगाचं उभं असायचं. आत्या आधी त्याच्याभोवती फेरी मारायची, लग्नाची मुलगी बघतात तशी. मग पदर खोचून डावा हात खांद्यापर्यंत तोंडात घालायची. आत ती बोटं हलवून बघायची, दात्यांना लागतात का ते. मग हात बाहेर काढून सगळ्यांसमोर धरायची आणि म्हणायची, "पाची हायती गं बाई!"

की हशा. की नारळ. मगच रशीदभाई हिरव्या रंगाचा डबा उघडायचे. आत्यानं हात घातल्याशिवाय रंग लागला असं आमच्याकडे कधी झालं नाही.

गिऱ्हाइकांना मात्र ते लांब तोंड डोळ्यांत खुपायचं. बाजारात आमच्या यंत्राला सुसर म्हणायचे. "सुसर घ्यायची का दुसरी?" असं विचारायचे. तोंड लांब म्हणजे पेंढी जास्त ढकलावी लागते, मधे अडकते, काठीनं सारावी लागते. जो यंत्र भाड्यानं फिरवतो त्याला घाई असते. एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर जायचं असतं, आणि भाडं पोत्यामागे ज्वारीत मिळतं. मग काय करायचे, यंत्र आमच्याकडून घ्यायचे आणि गावाकडे जाताना वाटेतल्या गॅसकटरवाल्याकडून तोंड छाटून घ्यायचे. अगदी बिनदिक्कत. सुरवारीचे पाय लांब झाले तर दुमडून घ्यावेत, इतक्या सहज. यंत्र भक्कम म्हणून आमचं, आणि तोंड तेवढं आपल्या सोयीचं. अण्णा चिडायचे. शेवटी त्यांनी जाहीर केलं, तोंड छाटलेल्या यंत्राला आपला माणूस हात लावणार नाही. तरीही त्या वेळी मागणी एवढी होती की जेवणाच्या सुट्टीत कडुनिंबाखाली डबे उघडायला जागा पुरायची नाही. मी नुकतीच बी.कॉम. होऊन ऑफिसात बसायला लागले होते. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली, आणि बाहेरच्या आवाजात फोनवर ओरडून बोलायची सवय. ती सवय गेली नाही. आजही मी घरात बोलले की सगळे म्हणतात, हळू.

एक फाल्गुन मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दर वर्षी या वासाबरोबर तोच परत येतो.

होळी होऊन गेली होती. राणीसावरगावातल्या एसटीडी बूथवरून मारोतीचा फोन आला. मारोती म्हणजे आत्याचा मुलगा, माझ्याहून लहान. आमचंच यंत्र घेऊन तो गावात भाड्यानं मळणी करायचा. ड्रमचं बेअरिंग गेलं, गावची निम्मी खळी थांबली आहेत, मामाला लवकर पाठव, म्हणाला. अण्णांनी जीपमध्ये सामान टाकलं, रशीदभाईंनी गॅसचं सिलिंडर चढवलं. आत्याला भेटून बरेच दिवस झाले म्हणून मीही बसले. गंगाखेडच्या पुलावरून खाली गोदावरीचं आटलेलं पात्र दिसत होतं. ऊन कोवळं होतं, पण त्याला एक चिकटपणा होता. रशीदभाई म्हणाले, "हवा कुच्छ ठीक नाही वाटत, साहेब."

खळ्यावर पोचलो तर कणसांचे ढीग लागलेले. पांढरे, टपोरे, उन्हात डोळे दिपवणारे. आत्याचा ढीग सगळ्यात मोठा. शेजारपाजारची माणसं डोक्याला पटके बांधून वाट बघत उभी. आणि मधे यंत्र, झाकपाक रंगवलेलं. अण्णा त्याच्यापाशी गेले आणि थबकले. तोंड छाटलेलं होतं. कापलेली कड घासून गुळगुळीत करून तिला हिरवा रंग दिला होता, ओळखू येऊ नये म्हणून. रंगाची छटाही जमली नव्हती.

"मारोती," अण्णा एवढंच म्हणाले.

"मामा, समदेच कापायलेत," मारोती जमिनीकडे बघत म्हणाला. "सुसर लय हळू चालतीय. लोकं दुसऱ्याची मशीन बोलवायलेत. मी काय करू?"

तेवढ्यात आत्या आली. आमच्यासाठी चहाची किटली घेऊन. यंत्र चालू असताना ती खळ्याकडे कधी फिरकायची नाही. त्या दिवशी यंत्र बंद होतं म्हणून आली. तिनं किटली खाली ठेवली, यंत्राकडे बघितलं आणि पुढे होऊन सवयीनं डावा हात तोंडात घातला. कोपर आत जायच्या आधीच ती थांबली. बोटं ड्रमच्या दात्यांवर टेकली होती. तिनं ती तशीच ठेवली. उजव्या हाताचं थोटूक पदराखाली होतं. मारोतीकडे तिनं बघितलंही नाही.

मग ती वळून घराकडे गेली. आम्हाला वाटलं रागावून गेली. परत आली तेव्हा डोक्यावर हिरवा पत्रा होता. कोंबड्यांच्या खुराड्यावर तो कितीतरी दिवस पडून होता, तिनं भंगार समजून वर दगड ठेवला होता. तोच होता तोंडाचा कापलेला तुकडा. तिनं तो रशीदभाईंच्या पायाशी टाकला. "जोडा," म्हणाली.

आणि तेव्हाच बालाघाटाच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागलं. फाल्गुनातलं आभाळ येतं तेव्हा कुणाला विचारून येत नाही. माणसांत चुळबुळ सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून अण्णांना म्हणाले, "आधी बेअरिंग टाका ना मालक. तोंड मागनं लावा की. तोंड कुटं पळून जायलंय?" दुसरे म्हणाले, "दोन घंट्यांत समदं खळं निघतंय. पानी आलं तर काळी पडंल ज्वारी."

अण्णांनी आभाळाकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. ज्या माणसानं तोंड छाटलेल्या यंत्राला हात न लावायचा नियम केला, तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत वितळला. बहिणीजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "अक्का, आज बेअरिंग टाकतो. पाऊस गेला की मी स्वतः येऊन तोंड जोडतो. तुझीच ज्वारी आहे गं यात. सगळ्यात जास्त तुझीच आहे."

"मंग माज्याच ज्वारीचं मी बोलायले," आत्या म्हणाली. "घाई हाय म्हनूनच जोड. घाईतच हात जातोय, दिगू. तवाबी आभाळच आलतं."

तवाबी आभाळच आलतं. हे मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनाही ते आठवत असेलच, पण त्यांचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा झाला. ते वळले आणि रशीदभाईंना म्हणाले, "आधी तोंड."

पुढचं सगळं मला आवाजांतून आठवतं. गॅसची सूं सूं. खुराड्यावर वाकलेला पत्रा सरळ करताना हातोड्याचे ठोके. बायका घाईघाईनं ताडपत्र्या ओढतायत त्याची फडफड. कुणीतरी मोठ्यानं शिवी दिली आणि आत्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती यंत्राला टेकून बसली होती, जागची हलली नाही. तोंड बसलं, मग बेअरिंग बसलं, यंत्र सुरू झालं. मारोती वेड्यासारखा पेंढ्या ढकलत होता. निम्मी ज्वारी निघाली असेल नसेल, आणि गारा सुरू झाल्या. ताडपत्र्यांवर आधी टपटप, मग नुसता गलका. कणसांच्या ढिगातून पाणी वाहायला लागलं. सगळे आडोशाला पळाले. आत्याच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं उडाली आणि ती धरायला मारोती एकटा चिखलात धावत होता.

आम्ही संध्याकाळी परत निघालो. निघताना आत्यानं आम्हाला हात हलवून निरोप दिला. बाकी कुणी दिला नाही. परभणी जवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "मी एकटा असतो ना, तर बेअरिंग टाकलं असतं." मला तेव्हा त्यांची कीव आली. आता कीव येत नाही, आता मी त्यांच्याच खुर्चीत बसते.

भिजलेली ज्वारी काळी पडली. खालच्या थराला मोड आले. एका हातभर पत्र्यापायी गावची ज्वारी काळी केली, असं लोक म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गंगाखेडच्या बाजूनं यंत्राला मागणी येणं जवळजवळ बंद झालं. कंपनीची उतरण तिथून सुरू झाली, असं मला वाटतं. मग सोयाबीन आलं, उत्तरेकडचे मोठाले हार्वेस्टर आले, त्यांचे फेटेवाले ड्रायव्हर धाब्याधाब्यावर दिसायला लागले. उतरायला पुढे कारणं खूप मिळाली. पण पहिली पायरी ती होती.

पुढच्या येळवशीला आत्या येईल की नाही, याची आम्हाला खात्री नव्हती. आली. पिशवीतून तिनं फडकं काढलं, फडक्यात भाकरी होत्या. काळपट, राखेच्या रंगाच्या. वर्षभर त्यांच्या घरात तीच ज्वारी खाल्ली होती. "खा," ती अण्णांना म्हणाली, "कडू न्हाई." अण्णांनी खाल्ली. रशीदभाईंनी खाल्ली. मीही खाल्ली. थोडा कुबट वास होता, पण ठेच्याबरोबर जात होती. मग आत्या उठली, यंत्राभोवती फेरी मारली, हात घातला, आणि म्हणाली, "पाची हायती गं बाई." त्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही.

त्या वर्षापासून तिला सोडायला मारोती यायचा, पण शेडच्या आत कधी यायचा नाही. बाहेर कडुनिंबाखाली उभा राहायचा. मी चहा पाठवायचे. तो पिऊन कप निंबाच्या खोडाशी ठेवायचा.

गेल्या श्रावणात आत्या गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. बाराव्याला गेले तेव्हा मारोती मला म्हणाला, "ताई, आता मशीनला हात कोन घालनार?" मी म्हटलं, बघू. खरं तर मला वाटलं, बरं झालं, एक रीत सुटली. इतकी मी दमलेली होते.

शिवाय पावसाळ्यातच परभणीचे एक डीलर येऊन गेले होते. वागायला सज्जन माणूस. मला मॅडम म्हणतात. म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र चांगलं आहे, पण हे तोंड वेल्ड करू नका. नटबोल्टवर बसवा. मळणी यंत्राचं तोंड लांब हवं, असा आता कायदाच आहे ना? लांबच राहील. पुढे गिऱ्हाइकाला वाटलं तर तो पाना घेऊन काढेल. तो त्याचा प्रश्न. असं करत असाल तर या हंगामाची सगळी यंत्रं मी उचलतो." सगळी म्हणजे शेड पुन्हा भरेल एवढी. कडुनिंबाखाली पुन्हा डबे उघडतील एवढी. नाहीतर लेक म्हणतो ते प्लॉट आहेतच. मी खूप दिवस विचार केला. तोंड तर लांबच राहणार होतं. कापणारे तसेही कापतच होते. शेवटी मी रशीदभाईंना म्हटलं, एक नमुना बोल्टवर करा. त्यांनी डोळे पुसले, पण डोळे तर ते सारखेच पुसतात.

येळवस झाली. नमुना शेडमध्ये बिनरंगाचा उभा होता. डीलर दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. मी रशीदभाईंना सांगणारच होते की रंगाचा डबा उघडा, आणि फाटकातून मारोती आत आला. एकटा. केस पांढरे झालेले, काखेत आत्याचीच पिशवी. कडुनिंबाखाली थांबला नाही. सरळ शेडमध्ये आला आणि पिशवीतून आंबिलीचं डबडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"ये," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्यानं यंत्राभोवती फेरी मारली. अगदी आईसारखी, सावकाश. मग तोंडाच्या बुडाशी थांबला. बोल्टांवरून अंगठा फिरवला, एकेक करून.

"ताई, हे कामून?"

मी त्याला सांगितलं. डीलर, हंगाम, कायदा, शेड, सगळं. मी बरंच बोलले, आणि नेहमीसारखी मोठ्यानं. तो ऐकत होता. माझं संपल्यावर रशीदभाईंना म्हणाला, "चाचा, पाना द्या."

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणाले नाही. मारोतीनं बोल्ट सोडवले. वेळ लागला नाही, त्यासाठीच तर ते केले होते. तोंड निघालं, त्यानं ते भिंतीला टेकवून ठेवलं. मग बाही वर सारून डावा हात ड्रमच्या दिशेनं आत घातला. लगेच टेकला.

"मला त्या साली गंगाखेडला जाऊन कापून घ्यावं लागलं, ताई," तो म्हणाला. हात त्यानं काढला नव्हता. "वाटंत तीनदा वाटलं माघारी फिरावं. आईचं त्वांड दिसायचं. हे बोल्ट असते तर खळ्यावरच काढून फेकलं असतं. माघारी फिरावं असं कशाला वाटलं असतं मला?"

वरच्या पत्र्यावर एक होला चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. मला त्या क्षणी कुणाचाच राग आला नाही, डीलरचा नाही, लेकाचा नाही, स्वतःचाही नाही. फक्त वाटलं, आता खाली बसावं. पुढच्या वर्षी या जागेवर प्लॉटचे दगड असतील कदाचित. असू देत. मी खुर्ची ओढली, बसले, आणि रशीदभाईंना म्हटलं, "जोडा."

दुपार वेल्डिंगमध्ये गेली. रशीदभाईंना हल्ली सरळ टाका जमत नाही, पण त्या दिवशीचा टाका अण्णांनीही नावं ठेवली नसती असा झाला. मारोती शेजारी उकिडवा बसून पत्रा धरत होता. लोखंड निवेपर्यंत आम्ही तिघांनी आंबील प्यायली. आत्याच्या हातची असायची त्याहून आंबट होती. सून करते म्हणाला.

मग तो उठला. बाही वर केली, डावा हात खांद्यापर्यंत आत घातला आणि डोळे मिटले. आत त्याची बोटं हलत होती. ती कुठेच लागत नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. हात आईचाच होता त्याचा, तेवढाच लांब. त्यानं तो बाहेर काढला आणि आमच्यासमोर धरला.

"पाची हायती," म्हणाला.

तो तसाच उभा राहिला. मग हळूच उजवा हातही वर केला, डाव्याच्या शेजारी धरला, आणि दोन्हींकडे जरा वेळ बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "दाही हायती."